डेबियन: जुन्या आयएसओने इन्स्टॉल केल्यावर शेकडो अपडेट. ताजी इमेज नेमकी कशी मिळवायची?

पोर्ट_बावीस (मूळ प्रश्न)

संगणक कक्षातल्या १५ डेस्कटॉपवर आणि २ नव्या लॅपटॉपवर डेबियन १२ (लिनक्स) चढवायचे आहे. हाताशी १२.५ च्या डीव्हीडी-१ ची आयएसओ (इन्स्टॉल डिस्कची इमेज फाइल), त्याच आवृत्तीची लाइव्ह आयएसओ आणि एका पेनड्राइव्हवर मिनी आयएसओ आहे.

लाइव्हवरून इन्स्टॉल केले की पहिल्याच अपडेटला शेकडो पॅकेज येतात आणि ती प्रत्येक मशिनवर वेगळी उतरतात. मिनी आयएसओ बूट होते, पण मिरर (पॅकेज ठेवणारा सर्व्हर) निवडल्यावर 'कर्नल मॉड्यूल सापडले नाहीत' म्हणून अडते. लॅपटॉपवर इन्स्टॉलरला वायफाय दिसतच नाही.

आर्च लिनक्ससारखी दर महिन्याला नवी इमेज डेबियन काढते का? दर वेळी पावणेचार जीबी उतरवणे परवडणारे नाही, लाइनला रोजची मर्यादा आहे. हातातली जुनी आयएसओच ताजी करून घेता येते असे ऐकले. ते कसे?

---

इनिटआरडी

दर महिन्याला नाही. स्टेबलची (स्थिर आवृत्तीची) पॉइंट रिलीज, म्हणजे १२.४, १२.५ असा दुरुस्त्यांचा संच, साधारण दोन-दोन महिन्यांनी येते आणि अधिकृत इमेज तेव्हाच नव्याने बांधल्या जातात. १२.५ ही फेब्रुवारी २०२४ ची आहे, त्यामुळे शेकडो अपडेट येणारच.

आयएसओ शिळी होते ती दोन प्रकारे, आणि तुमच्याकडे दोन्ही एकदम आले आहेत. एक, पॅकेज जुनी. त्यावर नवी पॉइंट रिलीज किंवा नेटइन्स्ट (बहुतेक पॅकेज नेटवरून आणणारी छोटी आयएसओ) हा उपाय. दुसरा, कर्नल (सिस्टमचा गाभा) जुना, त्यामुळे नवे हार्डवेअर ओळखत नाही. त्यावर नवी पॉइंट रिलीज उतरवून काडीचा उपयोग नाही, कारण डेबियन १२ चा मूळ कर्नल शेवटपर्यंत ६.१ मालिकेतलाच राहतो, त्यात फक्त दुरुस्त्या वाढत जातात. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? लॅपटॉपचे नंतर बघू, आधी डेस्कटॉप.

लाइव्ह आयएसओ या कामासाठी बाजूला ठेवा. लाइव्ह डेस्कटॉपवरचा कॅलामारेस इन्स्टॉलर आयएसओतली स्क्वॅशएफएस (तयार सिस्टमची दाबलेली प्रत) जशीच्या तशी डिस्कवर ओततो. ती ज्या दिवशी बांधली त्या दिवशीची पॅकेज मिळतात, नेट जोडलेले असो वा नसो. नेटइन्स्टचे उलटे आहे. १२ ची नेटइन्स्ट ६५० एमबीच्या आसपास असते. ती पायाभूत सिस्टम आयएसओवरून टाकते, मग मिरर विचारते, सिक्युरिटी आणि अपडेट्स या दोन्ही रेपो (पॅकेजांचे साठे) लावते, टाकलेली पॅकेज तिथल्या तिथे अपग्रेड करते आणि डेस्कटॉपसकट बाकीचे सगळे मिररवरून आणते. पहिल्या बूटनंतर अपडेट तपासले तर शून्य किंवा दोन-चार पॅकेज निघतात. म्हणजे तुमच्याकडे १२.५ ची नेटइन्स्ट असती तरी तयार झालेली सिस्टम ताजीच निघाली असती. अट एवढीच की मिररची पायरी वगळायची नाही.

इमेज सीडीइमेज.डेबियन.ओआरजी वर आहेत. पण तिथल्या 'करंट' फोल्डरचा अर्थ ९ ऑगस्ट २०२५ पासून डेबियन १३ असा झाला आहे. १२ हवी तर 'आर्काइव्ह' फोल्डरमध्ये जाऊन १२ ची सर्वांत नवी पॉइंट रिलीज घ्या. ती यादी अक्षरक्रमाने लागते, त्यामुळे १२.१० आणि १२.११ वर दिसतात आणि १२.९ सगळ्यांत खाली. खालची ती नवी असे समजून बरेच जण १२.९ उचलतात.

मिनी आयएसओचे दुखणे वेगळे. तिच्यात कर्नल आणि छोटी इनिटआरडी (बूटपुरती तात्पुरती सिस्टम) एवढेच असते, बाकीची मॉड्यूल ती मिररवरून मागवते. पॉइंट रिलीजमध्ये कर्नलचा एबीआय क्रमांक (कोणती मॉड्यूल त्याला जुळतात ते ठरवणारा) बदलला की जुन्या क्रमांकाची मॉड्यूल मिररवरून काढली जातात. इमेज मागते जुन्या कर्नलची, मिररवर असतात नव्याची. नेटइन्स्टमध्ये ही मॉड्यूल आयएसओतच असतात म्हणून ती अडत नाही. मिनी आयएसओच वापरायची तर मिररवर डिस्ट्स, बुकवर्म (डेबियन १२ चे टोपणनाव), मेन, इन्स्टॉलर-एएमडी६४, करंट, इमेजेस, नेटबूट या वाटेने जाऊन आत्ताची घ्या. पीएक्सईने (नेटवर्कवरून) बूट करणाऱ्यांनाही हेच लागू: सर्व्हरवरची नेटबूटची टार फाइल दर पॉइंट रिलीजनंतर बदलायची, नाहीतर एका सकाळी सगळी मशिन एकाच पडद्यावर अडलेली दिसतील.

---

मिररमॅन

+१. पण १५ मशिनवर नेटइन्स्ट म्हणजे तीच पॅकेज १५ वेळा उतरणार, आणि डेस्कटॉप धरला तर एका मशिनला एक जीबीच्या पुढे सहज जाते. मधे कॅशे ठेवा.

एका मशिनवर 'एपीटी-कॅशर-एनजी' हे पॅकेज टाका. ते ३१४२ पोर्टवर ऐकते आणि आलेली प्रत्येक डेब फाइल (डेबियनचे पॅकेज) '/व्हार/कॅशे/एपीटी-कॅशर-एनजी' मध्ये ठेवते. बाकीच्या मशिनवर नेटइन्स्ट चालवताना मिरर निवडल्यावर लगेच एचटीटीपी प्रॉक्सी विचारतो, तिथे या मशिनचा आयपी आणि ३१४२ पोर्ट द्या. पहिले इन्स्टॉल लाइनच्या वेगाने होईल, उरलेली १४ लॅनच्या वेगाने.

यात दोन ठिकाणी चुकते. मिरर एचटीटीपीएसचा निवडला तर मधल्या कॅशेला आतले काही दिसत नाही आणि काहीच साठत नाही. साधा एचटीटीपी मिरर घ्या, पॅकेजांच्या याद्या सहीने तपासल्या जातात, त्यामुळे भेसळ झाली तर एपीटी (डेबियनचा पॅकेज व्यवस्थापक) नाकारते. दुसरे, इन्स्टॉलर हा प्रॉक्सी नव्या सिस्टमच्या '/ईटीसी/एपीटी' मध्ये कायमचा लिहून ठेवतो. कॅशेचे मशिन बंद असले किंवा लॅपटॉप दुसरीकडे नेला की 'कनेक्शन नाकारले' येते आणि लोक मिररला दोष देत बसतात. काम झाल्यावर 'एपीटी.कॉन्फ' मधली प्रॉक्सीची ओळ काढा.

कक्ष कायमचा असेल तर डेस्कटॉपवर ती ओळ राहू द्यायला हरकत नाही. रोजचे अपडेटही मग एकदाच उतरतात.

---

टर्मिनलकर

"जुनी आयएसओच ताजी करून घेता येते" म्हणतात ते जिगडो. डीव्हीडी खरेच हवी असेल, म्हणजे जिथे नेट मुळीच नाही अशा जागेसाठी, तरच त्याच्या वाटेला जा.

मुळातली गंमत अशी की डीव्हीडी म्हणजे मिररवरच्याच डेब फाइलींचा गठ्ठा. जिगडोची एक छोटी फाइल 'कोणकोणत्या डेब लागतात' हे सांगते आणि दुसरी, टेम्प्लेट, 'त्या कुठे बसवायच्या आणि मधल्या जागेत काय आहे' हे सांगते. जुन्या डीव्हीडीत जे आहे ते तिथून उचलायचे, बाकीचे मिररवरून.

१. 'जिगडो-फाइल' हे पॅकेज टाका. 'जिगडो-लाइट' ही कमांड त्यातच येते. टेम्प्लेटचे नवे रूप एसएचए२५६ वर चालते, जुनाट आवृत्तीच्या जिगडोला ते वाचता येत नाही.

२. जुनी आयएसओ माउंट करा: 'माउंट -ओ लूप' ने, समजा '/एमएनटी/जुनी' वर.

३. मोकळ्या डिस्कवर फोल्डर करून तिथून 'जिगडो-लाइट' चालवा आणि पुढे नव्या डीव्हीडी-१ च्या जिगडो फाइलचा पत्ता द्या. हा पत्ता 'आयएसओ-डीव्हीडी' मध्ये नसतो, शेजारच्या 'जिगडो-डीव्हीडी' फोल्डरमध्ये असतो.

४. 'कोणत्या फाइली तपासू' असे विचारले की '/एमएनटी/जुनी' द्या. पुन्हा विचारेल, तेव्हा नुसते एंटर.

५. मग मिररचा पत्ता मागेल. शेवट '/डेबियन/' असा हवा, मागचा तिरका दंड विसरू नका.

शेवटी तो स्वतःच चेकसम (फाइल अचूक आहे का ते दाखवणारा ठसा) तपासतो. मधे लाइन तुटली तर तीच कमांड पुन्हा द्या, झालेले काम वाया जात नाही. जागा मात्र मोकळी ठेवा: नव्या आयएसओच्या दुप्पट असली की काळजी नाही.

वाचते किती, ते दोन इमेजमधल्या अंतरावर. लागोपाठच्या पॉइंट रिलीजमध्ये बहुतेक पॅकेज तीच असतात, तिथे फायदा मोठा. १२ वरून १३ वर जाताना जवळजवळ सगळेच बदललेले असते, तिथे जिगडो म्हणजे नुसता द्राविडी प्राणायाम. लाइव्ह आयएसओला तर जिगडो लागूच पडत नाही, कारण तिच्यात डेब फाइली नसून एकच दाबलेली स्क्वॅशएफएस असते.

एवढे करूनही डीव्हीडीवर पॉइंट रिलीजनंतरचे सिक्युरिटी अपडेट नसतातच. तुमच्या कक्षात नेट आहे, मग मिररमॅन सांगतात तेच करा.

---

निवांत_रूट

लॅपटॉपसाठी टेस्टिंगची (पुढच्या, अजून तयार होत असलेल्या आवृत्तीची) साप्ताहिक इमेज घ्या की. कर्नल नवा, वायफायचा प्रश्न मिटला.

---

पोर्ट_बावीस

सर्वांचे आभार. डेस्कटॉपचे नेटइन्स्ट अधिक कॅशे असे ठरवतो.

टेस्टिंगची नेटइन्स्ट उतरवून पाहिली. मर्यादा संपल्यामुळे अर्धी राहिलेली 'डब्ल्यूगेट -सी' ने काही दिवसांनी पूर्ण केली. आकार बरोबर वाटतो, पण एसएचए५१२ चेकसम जुळत नाही. मिरर खराब आहे का?

---

चेकसम

मिरर ठीक आहे, तुमच्या फाइलचा पुढचा अर्धा भाग एका बांधणीतला आणि मागचा दुसऱ्या बांधणीतला आहे. स्टेबलच्या आयएसओच्या नावात १२.५ असा क्रमांक असतो. टेस्टिंगच्या दैनिक आणि साप्ताहिक इमेजचे नाव मात्र 'डेबियन-टेस्टिंग-एएमडी६४-नेटइन्स्ट' असे कायम तेच राहते. नाव तेच, आतली फाइल नवी. डब्ल्यूगेट फक्त किती बाइट झाले ते बघतो आणि तिथून पुढे जोडत जातो. अशा इमेज एका बैठकीत उतरवा, किंवा तारखेच्या फोल्डरमधला पत्ता वापरा. टॉरेंट असेल तर त्याहून बरे, तिथे प्रत्येक तुकडा वेगळा तपासला जातो. ओपनसूसे टम्बलवीडच्या 'करंट' नावाच्या इमेजबाबतही हाच घोळ होतो.

तपासणी पूर्ण करायची तर दोन पायऱ्या आहेत आणि लोक पहिलीवरच थांबतात. पहिली, 'एसएचए५१२सम' ला 'सी' आणि 'इग्नोअर-मिसिंग' हे पर्याय देऊन आयएसओ यादीशी ताडणे. इग्नोअर-मिसिंग नसेल तर यादीतल्या न उतरवलेल्या प्रत्येक फाइलबद्दल तक्रार येते. यातून फाइल नीट उतरली एवढेच कळते. यादीच बनावट असेल तर? म्हणून दुसरी पायरी: यादीशेजारची '.साइन' फाइल घ्या आणि 'जीपीजी --व्हेरिफाय' ने यादीची सही तपासा. चालू डेबियन असेल तर 'डेबियन-कीरिंग' पॅकेज टाका, त्यातल्या 'डेबियन-रोल-कीज' या कीरिंगमध्ये सीडीच्या सहीची चावी आहे. नसेल तर चावीचा ठसा डेबियनच्या संकेतस्थळावरच्या पडताळणीच्या पानावरून जुळवा. 'गुड सिग्नेचर' दिसले पाहिजे. 'ही चावी विश्वासू सहीने प्रमाणित नाही' अशी सूचना खाली येते, तिने घाबरू नका. तुम्ही स्वतः त्या चावीवर विश्वास नोंदवलेला नाही, एवढाच तिचा अर्थ.

---

इनिटआरडी

निवांतरावांशी असहमत. वायफायसाठी टेस्टिंग म्हणजे आगीतून फुफाट्यात. टेस्टिंगला स्टेबलइतक्या तत्परतेने सिक्युरिटी अपडेट मिळत नाहीत, आणि संक्रमणाच्या काळात एखादा डेस्कटॉप अर्धवट अवस्थेत राहतो. कक्षातली मशिन त्यावर ठेवू नयेत.

आधी अडचण फर्मवेअरची (कार्डात चढवायच्या फाइलीची) आहे की ड्रायव्हरची, ते ठरवा. इन्स्टॉलरमध्ये कंट्रोल-ऑल्ट-एफ२ दाबून एंटर दिले की शेल मिळते. तिथे 'डीमेसेज' मध्ये फर्मवेअर शब्द शोधा. 'अमुक फाइल लोड झाली नाही' असे असेल तर ड्रायव्हर आहे, फर्मवेअर नाही. १२ पासून अधिकृत इमेजमध्येच नॉन-फ्री-फर्मवेअर असल्यामुळे हे आता कमी दिसते. वायफायबद्दल चकार शब्द नसेल तर त्या कर्नलला ते कार्डच माहीत नाही. ग्राफिकल इन्स्टॉलरवर परत यायला कंट्रोल-ऑल्ट-एफ५.

कार्डांचे काही किमान कर्नल सांगतो: रिअलटेक आरटीएल८८५२बीई ला ६.२, इंटेल बीई२०० ला ६.५, मीडियाटेक एमटी७९२५ ला ६.७. डेबियन १२ चा कर्नल ६.१, म्हणजे तिन्ही बाद. डेबियन १३ चा ६.१२, त्यात तिन्ही आहेत. म्हणून लॅपटॉपवर सरळ १३ टाका. खरे तर डेस्कटॉपवरही १२ कशासाठी, हा प्रश्न आहे. एक अडचण असू शकते: १३ मध्ये ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर इमेज निघतच नाही. तशी मशिन नसतील तर १३ च करा.

१२ वरच राहायचे असेल तर फोन यूएसबीने जोडून टेदरिंग सुरू करा. अँड्रॉइड फोन इन्स्टॉलरला सहसा साधे नेटवर्क कार्ड म्हणून दिसतो. इन्स्टॉल झाल्यावर बुकवर्म-बॅकपोर्ट्स (१२ साठी बांधलेली नवी पॅकेज) रेपो मेन आणि नॉन-फ्री-फर्मवेअर या दोन्ही विभागांसह जोडा आणि 'एपीटी इन्स्टॉल -टी बुकवर्म-बॅकपोर्ट्स' ने 'लिनक्स-इमेज-एएमडी६४' घ्या. त्याच कमांडमध्ये कार्डाचे फर्मवेअर पॅकेजही बॅकपोर्ट्समधूनच घ्या. नवा ड्रायव्हर नव्या क्रमांकाची फर्मवेअर फाइल मागतो. फक्त कर्नल घेतला की वायफाय तसेच मुके राहते, आणि 'बॅकपोर्ट्सनेही झाले नाही' अशा तक्रारी बहुतेक याच कारणाने असतात.

आणि नवे ते सुरक्षितच असेही नाही. डिसेंबर २०२३ मध्ये १२.३ च्या इमेज ऐनवेळी रोखल्या होत्या, कारण तिच्यातल्या कर्नलमध्ये ईएक्सटी४ फाइल सिस्टमवरचा डेटा बिघडवणारा दोष सापडला. दुरुस्त कर्नल घालून लगेच १२.४ काढली. जुन्या फोल्डरांत १२.३ शोधत बसू नका.

---

टर्मिनलकर

इतर डिस्ट्रोवाले हा धागा शोधत येतील म्हणून थोडक्यात.

उबंटूत पॉइंट रिलीजचा अर्थ डेबियनपेक्षा वेगळा आहे. २४.०४ आणि २४.०४.१ च्या डेस्कटॉप इमेजमध्ये कर्नल ६.८, २४.०४.२ मध्ये ६.११, २४.०४.३ मध्ये ६.१४. म्हणजे तिथे नवी आयएसओ घेतल्याने नवे हार्डवेअर खरोखर चालू होते. सर्व्हरच्या आयएसओत मात्र मूळ कर्नलच आधी निवडलेला असतो, नवा हवा तर बूट मेनूत एचडब्ल्यूईची (नव्या हार्डवेअरसाठीच्या कर्नलची) ओळ घ्यावी लागते. सीडीइमेज.उबंटू.कॉम वर आयएसओशेजारी झेडसिंक फाइलही असते. 'झेडसिंक -आय' पुढे जुनी आयएसओ दिली की बदललेले तुकडेच उतरतात. साधा झेडसिंक एचटीटीपीएस जाणत नाही, पत्ता एचटीटीपीने द्या. बचत जिगडोइतकी होत नाही, दाबलेल्या फाइलीत थोडा बदल झाला तरी बरेच बाइट हलतात.

फेडोराच्या अधिकृत इमेज रिलीजच्या दिवशीच्याच राहतात. ताजी लाइव्ह हवी असेल तर स्वयंसेवकांचे 'लाइव्ह-रीस्पिन्स' (ताज्या पॅकेजांसह पुन्हा बांधलेल्या इमेज) आहेत, नावातच तारीख असते. पण 'एव्हरीथिंग' नेटइन्स्ट घेतली तर ती अपडेट्स रेपोसह इन्स्टॉल करते, रीस्पिनची गरज उरत नाही.

आर्चची इमेज दर महिन्याच्या सुरुवातीला येते आणि तिथे जुनी वापरू नयेच. पॅकेज तसेही नेटवरून ताजी येतात, पण आयएसओतल्या चाव्या जुन्या झालेल्या असतात आणि पॅकमन (आर्चचा पॅकेज व्यवस्थापक) 'सही अवैध' म्हणून थांबतो. तात्पुरता उपाय: लाइव्हमध्येच आधी 'पॅकमन -एसवाय आर्चलिनक्स-कीरिंग', मग पुढचे.

---

पोर्ट_बावीस

१३ ची नेटइन्स्ट घेतली, सही जुळली, एका लॅपटॉपवर वायफाय लगेच दिसले. दुसऱ्यावर विंडोजही आहे. त्यावर १२.५ चा जुना पेनड्राइव्ह लावला होता तेव्हा 'शिम एसबॅट पडताळणी अयशस्वी' असे येऊन मशिन बंद झाले. नव्या इमेजनेही तसेच होईल का?

---

इनिटआरडी

नाही होणार. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने सिक्युअर बूटच्या एसबॅट यादीत (कोणत्या आवृत्त्या चालतील ते ठरवणाऱ्या) जुन्या शिम (लिनक्स बूट करताना आधी चालणारे सही केलेले छोटे प्रोग्राम) बाद केल्या आणि ती यादी मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये लिहिली गेली. त्यामुळे जुनी आयएसओ त्या मशिनवर सिक्युअर बूट चालू असताना उठणार नाही. १३ मधली शिम नवी आहे. सिक्युअर बूट चालूच ठेवा. मात्र त्याच डिस्कवर आधीपासून एखादी जुनी लिनक्स असेल तर तिचीही शिम अडेल. तेवढ्यापुरता सिक्युअर बूट बंद करून ती बूट करा, शिम आणि ग्रब (बूटलोडर) अपडेट करा आणि पुन्हा चालू करा.

पेनड्राइव्ह लिहिताना 'डीडी' ला पूर्ण डिस्कचे नाव द्या, 'एसडीबी' असे. 'एसडीबी१' दिले तर आयएसओ पार्टिशनच्या आत जाते आणि बूट होत नाही. 'कॉन्व्ह=एफसिंक' लावा, म्हणजे कमांड संपली की लिहूनही संपलेले असेल. रुफस वापरत असाल तर विचारल्यावर डीडी मोड निवडा.

---

पोर्ट_बावीस

आणि १२.५ ची डीव्हीडी आता पुसून टाकू?

---

टर्मिनलकर

नेट नसलेल्या मशिनवर १२ ची डीव्हीडी कधी लागणार असेल तर ठेवा, जिगडोला कच्चा माल होईल. नसेल तर पुसा.